विंडोज ११ चालू करणं आणि लॉगिन: आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटर घेणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

लॅपटॉपचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात. प्रोसेसर कुठला, रॅम किती, गेम चालतो का, बॅटरी किती तास, सगळं सगळं. पण ज्या माणसाने आयुष्यात कधी कॉम्प्युटर चालू केलेला नाही त्याला हे मशीन स्वतःचं स्वतः चालू करून आत जाता येईल का, यावर कोणी एक ओळ लिहीत नाही. म्हणून मी फक्त तेवढ्यावरच लिहितेय, बटण दाबल्यापासून डेस्कटॉप (आत गेल्यावरची पहिली स्क्रीन) दिसेपर्यंत, पुढचं वर्ड एक्सेल काही नाही.

झालं असं की आमच्या आत्याला लॅपटॉप घेतला. ती अंगणवाडीतून रिटायर झालीये आणि आता बचत गटाचा हिशोब तिच्याकडे आलाय. मोबाईल ती झकास वापरते, अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकर ॲपवर माहिती भरत होती ती बाई, तिला कमी समजायचं काम नाही. पण कॉम्प्युटर असा हाताखाली कधी आला नव्हता. तिचं बघून कॉलनीतल्या आणखी काही काकू येऊन बसायला लागल्या, त्यांनाही शिकायचं होतं, त्यामुळे नवीन माणूस नेमका कुठे अडकतो हे मला भरपूर बघायला मिळालं. लॅपटॉप कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही कारण त्याने फरक पडत नाही, लॉगिन विंडोजचं आहे आणि ते सगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवर सारखंच दिसतं.

ज्यांना सगळं वाचायचं नाही त्यांच्यासाठी आधीच सांगते. रोजचं लॉगिन, म्हणजे पिन टाकून आत जाणं, याला ५ पैकी ४ स्टार. पहिल्या दिवशीचा सेटअप, याला २ स्टार, तेही जड हाताने. आणि लॅपटॉप कोणाच्या अकाउंटने चालू झालाय ही गोष्ट या दोन्हीपेक्षा महत्त्वाची आहे, त्यावर खाली सविस्तर लिहिलंय, तेवढं तरी वाचा.

आधी चालू करण्याबद्दल. नवा लॅपटॉप खोक्यातून काढला की लोक लगेच बटण दाबतात आणि काहीच होत नाही, मग चेहरा पडतो की बंद पीस आला. बरेच लॅपटॉप फॅक्टरीतून बॅटरी झोपवून पाठवलेले असतात, चार्जर लावून बोर्डातला स्विच चालू केल्याशिवाय ते पहिल्यांदा जागेच होत नाहीत. म्हणून आधी चार्जर, बाजूला बारीक दिवा लागला का बघा, मग बटण.

आणि ते बटण. पूर्वी चालू करायचं बटण वेगळं, गोल, की-बोर्डच्या बाहेर असायचं. आता खूप लॅपटॉपमध्ये ते की-बोर्डच्याच वरच्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात, डिलीटच्या अगदी शेजारी बसवलेलं असतं, बाकीच्या बटणांसारखंच दिसणारं. नवीन माणसाला ते सापडत नाही, आणि सापडल्यावर नंतर डिलीट दाबायला जाऊन तेच दाबलं जातं आणि स्क्रीन काळी होते. यात विंडोजचा दोष नाही, लॅपटॉप बनवणाऱ्यांचा आहे, पण त्रास शिकणाऱ्यालाच. त्यावर मी लाल टिकलीचं पाकीट आणून एक टिकली चिकटवून दिली, काम झालं. फक्त त्या बटणातच बोटाचा सेन्सर असेल तर टिकली बाजूला चिकटवा. दुसरं म्हणजे बटण एकदाच, हलकं दाबायचं. रिमोटचे सेल उतरल्यावर आपण जसं बोट रुतवून धरतो तसं इथे धरायचं नाही, कारण जास्त वेळ दाबून ठेवलं तर लॅपटॉप जबरदस्तीने बंद होतो. आणि दिसत काही नाही म्हणून पुन्हा पुन्हा दाबायची सवय सगळ्यांना असते, लिफ्टचं बटण पण आपण तसंच दाबतो.

बटण दाबलं की कंपनीचं नाव येतं, खाली ठिपके गोल फिरतात. एसएसडी, म्हणजे माहिती साठवायची नवी वेगवान डिस्क, असलेल्या मशीनवर हे पटकन उरकतं. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर मात्र चहा टाकून यावा इतका वेळ जाऊ शकतो, त्यामुळे नवशिक्यासाठी मशीन घेताना बाकी कशावर तडजोड करा पण एसएसडी बघून घ्या, कारण शिकणारा माणूस काळ्या स्क्रीनसमोर बसला की त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. कधीकधी मध्येच अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, अमुक टक्के झालं असं इंग्रजीत येतं. तेव्हा खरंच काही करायचं नाही, चार्जर लावून ठेवायचा आणि दुसरं काम करायचं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर लोक घाबरून बोर्डातला स्विच बंद करतात.

आता लॉक स्क्रीन. माझ्या मते विंडोजच्या सगळ्या लॉगिनमध्ये नवशिक्याला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी जागा ही आहे, आणि सराईत माणसाला ती दिसतसुद्धा नाही. मशीन चालू होतं, छानसा डोंगर किंवा समुद्राचा फोटो येतो, वेळ आणि तारीख येते, आणि बस. पिन कुठे टाकायचा? चौकटच नाही. आत्या शांतपणे फोटो बघत बसली होती, तिला वाटलं अजून चालू होतंय. कारण या फोटोवर "पुढे जाण्यासाठी एक बटण दाबा" असं मोठ्या अक्षरात कुठेच लिहिलेलं नाही. करायचं एवढंच की की-बोर्डवरचं कुठलंही बटण दाबायचं, मी स्पेसबार सांगते कारण तो सगळ्यात लांब असतो आणि चुकत नाही, किंवा माऊसने कुठेही क्लिक करायचं, मग फोटो सरकतो आणि नाव व पिनची चौकट येते. मोबाईलवर बोटाने फोटो वर सरकवायची सवय असल्यामुळे सगळ्या जणी आधी स्क्रीनवर बोट फिरवून बघतात, टचस्क्रीन नसेल तर अर्थातच काही होत नाही आणि काचेवर डाग पडतात ते वेगळं.

पिनवर मात्र मी खूश आहे. आपल्याकडे ज्यांनी आयुष्यात कधी पासवर्ड टाईप केला नाही त्यांनाही एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन माहीत असतो, त्यामुळे "इथे पण पिन आहे" म्हटलं की निम्मी भीती जाते. कमीत कमी चार आकडे लागतात, जास्त ठेवले तरी चालतात. शेवटचा आकडा टाकला की आपोआप आत जातो, एंटरपण दाबायला लागत नाही. म्हणजे साधा आकड्यांचा पिन असेल तर, अक्षरं मिसळलेला पिन ठेवलात तर एंटर दाबावं लागतं, म्हणून पिन बनवताना अक्षरं आणि चिन्हं घेण्याच्या छोट्या चौकटीवर नवशिक्यांनी टिक करू नये. चौकटीत आकड्यांऐवजी ठिपके दिसतात, ते बघून "अगं मी तीन टाकला आणि इथे टिंब आलं" असं ऐकायला मिळतंच, पण चौकटीच्या उजव्या टोकाला डोळ्याचं चित्र आहे, ते दाबून धरलं की टाकलेले आकडे दिसतात. शेजारी कोणी नसेल तर शिकताना हा डोळा फार उपयोगी.

अजून एक चांगली गोष्ट म्हणजे विंडोज सोपे सोपे पिन घेतच नाही. ११११ नाही, १२३४ नाही, आणि १३५७ पण नाही. जिथे प्रत्येक आकड्यात सारखंच अंतर वाढत जातं ते सगळे नाकारतं. सुरुवातीला मला हे जाचक वाटायचं, पण काकूंनी निवडलेले पहिले पिन बघितल्यावर मत बदललं. उलट १२३१ चालतो. लक्षात राहायला सोपं हवं म्हणून लोक एटीएमचाच पिन इथे ठेवतात, तो ठेवू नका, कारण घरात लॅपटॉपचा पिन पोराबाळांना सांगितला जातोच, तो सांगताना बँकेचाही सांगितला गेला तर काय उपयोग. हा पिन त्या एकाच लॅपटॉपपुरता असतो, त्या मशीनमध्येच राहतो, दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन तो टाकून तुमचं अकाउंट उघडता येत नाही. त्यामुळे कोणाला कळलाच तरी समोर तो लॅपटॉप असल्याशिवाय त्याला काही करता येत नाही. हे एकदा समजावलं की पिन आणि पासवर्ड अशी दोन भानगडी कशाला, या प्रश्नाचं उत्तर पण मिळतं.

चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकला तर काय होतं ते मात्र विचित्र आहे. विंडोज थांबवतं आणि सांगतं की आता ए-वन-बी-टू-सी-थ्री हे टाईप करा. हे का, तर खरोखर माणूस बसून टाईप करतोय, बटणं अशीच दाबली जात नाहीयेत, एवढं बघायला. पण नवीन माणसाला वाटतं हाच आपला नवा पिन! एक काकू ते वहीत लिहून घ्यायला लागल्या. ते फक्त एकदा टाकायचं, त्यानंतर पुन्हा आपला नेहमीचाच पिन टाकायचा. त्यातही चुकत राहिलं तर मशीन रिस्टार्ट करायला सांगतं. पिन अगदीच विसरला असेल तर चौकटीखाली पिन विसरल्याची लिंक आहे, पण तिच्यासाठी इंटरनेट लागतं आणि ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप चालू केलाय त्या अकाउंटची ओळख पटवावी लागते. हे वाक्य लक्षात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

बोटाच्या ठशाने लॉगिन काही लॅपटॉपवर असतं. आमच्याकडे अनुभव मिश्र आहे. ज्या बायकांचा ठसा रेशन दुकानात मशीनवर अंगठा ठेवून ठेवूनही लागत नाही त्यांचा इथेही पटकन उमटत नाही, भांडी घासून शेतात राबून रेषा झिजलेल्या असतात. अशा वेळी अंगठ्याऐवजी कमी वापराचं बोट, डाव्या हाताची करंगळीशेजारची अनामिका वगैरे, नोंदवून बघा. आणि चेहऱ्याने लॉगिन म्हणाल तर साध्या वेबकॅमवर होत नाही, त्याला इन्फ्रारेड कॅमेरा असलेला लॅपटॉप लागतो, स्वस्तातल्या मशीनवर सहसा नसतो. दोन्हीपैकी काहीही ठेवलं तरी पिन बनवावाच लागतो, म्हणून आधी पिन पक्का होऊ दे, बाकीची चैन नंतर.

आता त्या २ स्टारकडे येते. पहिल्या दिवसाचा सेटअप.

पहिल्यांदा चालू केल्यावर विंडोज एकामागून एक प्रश्न विचारतं. देश कुठला, की-बोर्ड कुठला, दुसरा की-बोर्ड हवा का, वायफाय कुठलं, लॅपटॉपला नाव काय द्यायचं. इथपर्यंत ठीक. दुसऱ्या की-बोर्डला मी नवशिक्यांना नको म्हणून सांगते, मराठी की-बोर्ड नंतर सेटिंगमधून टाकता येतो. त्याचं कारण, लॉगिनच्या स्क्रीनवर की-बोर्ड मराठीवर गेलेला असला तर पासवर्डची अक्षरं भलतीच पडतात आणि ठिपक्यांमुळे ते कळतही नाही, माणूस म्हणतो मी बरोबर टाकतोय आणि हे चूक म्हणतंय. उजव्या कोपऱ्यात खाली भाषेची खूण असते ती बघायची, विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की बदलते.

मग इंटरनेट. विंडोजची होम आवृत्ती असेल, आणि घरगुती लॅपटॉपवर बहुतेक तीच असते, तर इंटरनेटशिवाय सेटअप पुढे सरकत नाही. घरी वायफाय नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट लावावा लागतो, आणि सेटअपच्या मध्येच अपडेट उतरवायला लागलं तर दिवसाचा दीड-दोन जीबीचा पॅक असणाऱ्याचं त्या दिवसाचं नेट तिथेच संपणार. गावाकडे रेंज नाही, लाईटचा भरवसा नाही, अशा ठिकाणी हा सेटअप करायला बसू नका, जिथे नेट चांगलं आहे अशा पाहुण्यांकडे जाऊन करून आणा.

आणि मग येतं मायक्रोसॉफ्ट अकाउंट. ईमेल टाका म्हणतं. आपल्याकडच्या माणसाकडे ईमेल म्हणजे जीमेल, तेही मोबाईल घेताना दुकानात कोणीतरी बनवून दिलेलं, त्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नाही. जीमेलचा पत्ता इथे चालतो, त्यावर मायक्रोसॉफ्टचं अकाउंट उघडता येतं, पण पत्ता जीमेलचा असला तरी अकाउंट वेगळं, पासवर्ड वेगळा. हे समजावणं म्हणजे माझ्या सगळ्या शिकवण्यातला सगळ्यात कठीण भाग आहे. "अगं पण ईमेल तर तोच आहे ना?" हो, तोच आहे. "मग पासवर्ड का नाही चालत?" कारण तो गुगलचा आहे, हे मायक्रोसॉफ्टचं आहे. शेवटी वहीत दोन वेगळी पानं केली, एका पानावर मोबाईलचं, एका पानावर लॅपटॉपचं. २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने नवीन अकाउंट पासवर्डशिवायच उघडायला सुरुवात केलीय, पासवर्डऐवजी कोड किंवा पासकी (म्हणजे फोनच्या किंवा लॅपटॉपच्या लॉकनेच ओळख पटवणं), एका अर्थी सोपं झालं, पण मग ईमेल स्वतःचं आणि मोबाईल हाताशी असणं अजूनच गरजेचं झालं. मध्ये मध्ये तुम्ही रोबोट नाही हे दाखवा म्हणून चित्रांचं कोडं येऊ शकतं, सूचना इंग्रजीत, चित्रं बारीक. पहिल्यांदाच माऊस धरलेल्या माणसाकडून ते सोडवून घेणं म्हणजे सायकल शिकवायला थेट घाटात नेण्यासारखं आहे.

अकाउंट झालं की संपलं असं वाटतं, पण नाही. मग तुमचं लोकेशन घेऊ का, जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवू का, तुम्ही कॉम्प्युटर कशासाठी वापरणार, फोन जोडा, फाईली वनड्राईव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या कपाटात) ठेवू का, मायक्रोसॉफ्ट ३६५ चं, म्हणजे वर्ड-एक्सेलचं, फुकट ट्रायल घ्या म्हणजे कार्डाची माहिती द्या. यातलं काहीही लॉगिनला लागत नाही. पण नाही म्हणायचं बटण लहान किंवा फिकट, हो म्हणायचं निळं आणि ठळक. नवीन माणूस निळं बटण दाबतो, कारण त्याला वाटतं तेच दाबायचं असतं. २ स्टार मुख्यतः या भागाला आहेत. कोरा लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला फक्त आत जायचंय हो, दारात उभं करून इतकं विचारायचं कशाला?

म्हणून माझं स्पष्ट मत, पहिला सेटअप जाणत्या माणसानेच करून द्यावा. पण, आणि हा पण फार मोठा आहे, जाणत्या माणसाने तो स्वतःच्या ईमेलने करू नये.

हे मी जोर देऊन सांगतेय कारण आपल्याकडे सर्रास हेच चालतं. आमच्या शेजारच्या एका काकांनी लॅपटॉप घेतला, दुकानदाराने वेगळे पैसे घेऊन सेटअप करून दिला, सगळं छान चालू. स्क्रीनवर नाव कोणाचं, तर दुकानातल्या पोराचं. काकांना वाटलं लॅपटॉपच्या मॉडेलचं नाव असेल. पुढे पिन विसरला, पिन विसरल्याच्या लिंकवर गेले तर कोड जाणार त्या पोराच्या फोनवर, आणि तो पोरगा दुकान सोडून गेलेला. पैसे दिले, बिल काकांच्या नावाचं, वॉरंटी काकांच्या नावाची, आणि आत जायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण एकट्या त्या दुकानाचा प्रश्न नाही, भाचे पुतणे जावई सगळे हेच करतात, प्रेमाने करतात, "तुम्ही कशाला त्रास घेता, मी माझ्याच आयडीने करून टाकतो".

आणि पिनपुरतं हे राहत नाही. विंडोज ११ मध्ये बऱ्याच नव्या मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, म्हणजे एन्क्रिप्शन चालू होतं. २४एच२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२४ च्या मोठ्या अपडेटपासून, हे अजून जास्त मशीनवर व्हायला लागलंय. चांगलंच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं वाचता येत नाही. पण त्याची एक ४८ आकडी रिकव्हरी की असते आणि ती ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केला त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते. एरवी ती कधी लागत नाही, पण मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) बदलला, बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामचं) अपडेट झालं, असं काही झाल्यावर चालू करतानाच निळी स्क्रीन येऊन ती मागू शकते. तेव्हा अकाउंट आपलं असेल तर मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टच्या साईटवर लॉगिन करून ती की बघता येते. अकाउंट दुकानातल्या पोराचं असेल तर बचत गटाचे हिशोब, नातवंडांचे फोटो, सगळं कुलपाच्या आत. कोणी मेकॅनिक उघडून देऊ शकत नाही, ते कुलूप त्यासाठीच बनवलंय.

आत्याचा सेटअप करताना म्हणून आधी तिच्या मोबाईलमधलं जीमेल उघडून बघितलं, मेल येतायत का, मग त्याच पत्त्यावर तिचंच अकाउंट उघडलं, फोन नंबर तिचा, जन्मतारीख तिची, पिन बनवताना मी उठून खिडकीपाशी गेले. तिचा पिन मला माहीत नाही आणि तिला त्याचा भारी अभिमान आहे. ज्यांना मायक्रोसॉफ्ट अकाउंट अजिबातच नको त्यांना सेटअप झाल्यावर सेटिंगमध्ये अकाउंटच्या पानावर जाऊन लोकल अकाउंटवर, म्हणजे ईमेलशिवाय फक्त त्या मशीनपुरत्या अकाउंटवर, जाता येतं, पण मग पासवर्ड विसरल्यावर वाचवणारे फक्त तुम्ही ठरवलेले तीन सुरक्षा प्रश्न, आणि ती रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवायची. नवशिक्यांना मी हे सुचवत नाही.

भाषेबद्दल थोडक्यात. भारतातले लॅपटॉप सहसा इंग्रजीत येतात, पण विंडोज ११ सहसा मराठीत करता येतं, सेटिंगमधून मराठी भाषा उतरवायची, साइन आऊट करून परत आत यायचं. मेनू मराठीत दिसले की लोकांना बरं वाटतं. लॉगिनची स्क्रीन मात्र तेवढ्याने मराठी होत नाही, त्यासाठी जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनच्या खाली जाऊन आपली सेटिंग वेलकम स्क्रीनवर (म्हणजे लॉगिनच्याच स्क्रीनवर) कॉपी करावी लागते, इतक्या खोल कोण जाणार, पण करून देणारा असेल तर करून घ्या. टायपिंगसाठी मराठी फोनेटिक की-बोर्ड २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्येच आहे, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला लागत नाही.

लॉगिन स्क्रीनवरच एक फार चांगली सोय आहे जी कोणाच्या लक्षात येत नाही. उजव्या कोपऱ्यात खाली माणसाच्या आकृतीचं एक चिन्ह असतं, ते दाबलं की भिंग, वाचून दाखवणारा आवाज, स्क्रीनवरचा की-बोर्ड असं सगळं मिळतं, तेही आत जायच्या आधीच. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका काकूंना भिंग लावून दिलं तर त्या म्हणाल्या हे आधी का नाही सांगितलं. याला पूर्ण मार्क.

त्याच्याच शेजारी बंद करायचं चिन्ह. झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं सगळ्यांना वाटतं, तो बंद होत नाही, झोपतो, आणि चार्जर नसेल तर बॅटरी हळूहळू खात राहतो. रोज काम झालं की शट डाऊन शिकवा. आणि मशीन अडखळायला लागलं तर शट डाऊन करून चालू करण्यापेक्षा रिस्टार्ट करा, कारण पटकन चालू व्हावं म्हणून शट डाऊन करताना विंडोज सहसा आपला काही भाग तसाच जपून ठेवतं, रिस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. हे उलटं वाटतं पण तसंच आहे.

लॅपटॉपऐवजी टेबलावरचा डेस्कटॉप कॉम्प्युटर घेणार असाल तर एक गोष्ट वाढते. बोर्डातला स्विच, यूपीएस, सीपीयूचं बटण, मॉनिटरचं बटण, या क्रमाने. नवीन माणूस मॉनिटरलाच कॉम्प्युटर समजतो आणि त्याचंच बटण दाबून बंद केला म्हणतो, खाली सीपीयू रात्रभर चालू. लाईट गेली आणि यूपीएस ओरडायला लागला तर तेवढ्या वेळात सेव्ह करून शट डाऊन करायचं, ओरडणं थांबवायला यूपीएसचं बटण दाबायचं नाही. ऑफिसातल्या किंवा बँकेतल्या कॉम्प्युटरवर लॉगिनच्या आधी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबायला सांगतात, घरच्या विंडोजवर ते लागत नाही, त्यामुळे एमएस-सीआयटी केलेला पुतण्या ते शिकवत असेल तर शिकवू दे, पण घाबरू नका.

दुसरे पर्याय पण बघितले. लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट सिस्टीम, त्यात ईमेल मागतच नाहीत, नाव लिहा, पासवर्ड ठरवा, नेट नसलं तरी चालतं, नवशिक्याच्या लॉगिनसाठी यापेक्षा सरळ काही नाही, फक्त मशीन बिघडलं तर गल्लीतला मेकॅनिक हात वर करतो. क्रोमबुक, म्हणजे गुगलची सिस्टीम असलेला लॅपटॉप, गुगलच्या अकाउंटने चालू होतं, ते अँड्रॉइड फोनमुळे आधीच असतं, त्यामुळे वहीचं एक पान वाचतं, पण टॅलीसारखी विंडोजची सॉफ्टवेअर त्यावर थेट चालत नाहीत. आत्याला बचत गटाच्या बँकेच्या फाईली एक्सेलमध्ये येतात म्हणून आम्ही विंडोजवरच राहिलो.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी शेवटचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे बाजारात जुने लॅपटॉप स्वस्तात खूप आलेत. घ्यायला हरकत नाही, पण विंडोज ११ चालेल का ते विचारा, आणि पैसे द्यायच्या आधी दुकानातच चार्जर लावून चालू करायला सांगा, फोटो सरकवा आणि नाव कोणाचं येतंय ते बघा. आधीच्या मालकाचं नाव आलं तर तिथेच रिसेट करून, म्हणजे जुनं सगळं पुसून नव्यासारखं करून, द्या म्हणायचं, पहिला देश निवडायचा प्रश्न स्क्रीनवर दिसेपर्यंत खुर्ची सोडायची नाही.